आकडी आणि बाळाचे वय



मी बँकेतला कारकून, डॉक्टर नव्हे. पण माझा भाचा पाच-एक महिन्यांचा असताना झोपेतून उठला की मान झुकवून दोन्ही हात झटक्यासरशी पुढे टाकी. लागोपाठ दहा-बारा वेळा. घरात सर्वांनी ठरवले, पोट दुखते. मीही तेच म्हणालो. पोटाला हिंग लावण्यात सहा आठवडे गेले. पुढे तज्ज्ञ डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "हे नेमके कधी सुरू झाले?" आम्हा कोणालाच तारीख सांगता आली नाही.

त्या प्रश्नाचे मोल मला नंतर वाचनातून कळले. आकडी, म्हणजे आपण जिला फिट म्हणतो, तो एकच आजार नाही. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०२२ साली जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात जन्मापासून २ वर्षांपर्यंत सुरू होणारे प्रकार वेगळे काढले आहेत. पहिल्याच आठवड्यात सुरू होणारा एक प्रकार पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि बहुधा ६ महिन्यांच्या आत आपोआप थांबतो. ३ ते १२ महिन्यांच्या दरम्यान सुरू होणारे हे झटके तसे नव्हेत. १८४१ साली विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून त्यांचे वर्णन केले. ते मूल त्यांचे स्वतःचेच होते, आणि डॉक्टर असूनही त्यांना उपाय सापडला नाही. आज एसीटीएचची इंजेक्शने, प्रेडनिसोलोन, व्हिगाबाट्रिन ही औषधे आहेत. पण ती जितकी लवकर सुरू होतील, तितकी मुलाची वाढ सावरण्याची आशा अधिक. आमचे सहा आठवडे हिंगात गेले!

पहिल्या वर्षातच तापात लांबलेली, पुन्हा पुन्हा येणारी आकडी ड्राव्हे सिंड्रोमची असू शकते. त्यात कार्बामाझेपिनसारखे नेहमीचे औषध उलट त्रास वाढवते. मात्र ६ महिने ते ५ वर्षे या वयात नुसत्या तापात येणारी साधी आकडी अपस्मारात धरत नाहीत. अर्थात वयावरूनच सारे ठरत नाही. ईईजी काढावाच लागतो. कांदा हुंगवून काही होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

भाचा आता अकरा वर्षांचा आहे. झटके थांबले. बोलायला फार उशिरा लागला, विशेष मुलांच्या शाळेत जातो, मला 'मामा' म्हणून हाक मारतो. त्या वर्षीचे कॅलेंडर बहिणीने अजून ठेवले आहे. डॉक्टरांकडे गेल्या दिवसापासून प्रत्येक झटक्याची त्यावर खूण आहे. त्याआधीची पाने कोरी आहेत.