गाठ पुन्हा येते तेव्हा



डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स हे नाव लांबलचक आहे. डॉक्टर त्याला डीएफएसपी म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्वचेच्या आतल्या थरात सुरू होणारा हा कॅन्सर. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दर दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण चार जणांना तो होतो. इतक्या विरळा आजारासाठी तुमची एक संध्याकाळ का मागितली? कारण यातला सर्वांत मोलाचा निर्णय कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. तो आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात होऊन जातो, गाठीचं नाव कुणाला ठाऊक नसताना.

१९२४ साली फ्रान्समध्ये दारिए आणि फेरां या दोघांनी या गाठीचं वर्णन केलं. त्वचेतली ही गाठ वाढत जाते आणि काढली तरी पुन्हा येते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. आज शंभर वर्षांनीही पुन्हा येणं हाच तिचा मुख्य स्वभाव आहे. इतर अवयवांत ती क्वचितच पसरते. शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी रुग्णांत, आणि पसरली तर बहुधा फुप्फुसात. म्हणजे या रुग्णाचा जीव सहसा धोक्यात नसतो. पण एकाच जागी दोनदा, तीनदा, चारदा कापून घेण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि दर वेळी खड्डा मोठा होतो.

सुरुवात अगदी साधी असते. वय बहुधा वीस ते पन्नासच्या दरम्यान. छातीवर, पाठीवर, खांद्यावर एक घट्ट, तांबूस किंवा तपकिरी चट्टा. दुखत नाही, खाजत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुणी त्याला जुन्या जखमेचा वण म्हणतं, कुणी चरबीची गाठ. पुढे त्यावर टेंगळं येतात. कपड्याला घासायला लागतं किंवा लग्न ठरायचं असतं, तेव्हा माणूस म्हणतो, काढून टाकू या. दवाखान्यात भूल देऊन अर्ध्या तासात गाठ निघते, चार टाके पडतात, आणि गाठ कचऱ्यात जाते. माझं सगळं बोलणं या शेवटच्या क्रियेभोवती आहे. शरीरातून काढलेली कुठलीही गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. तो खर्च वाचवला, तर वर्ष-दोन वर्षांनी त्याच वणाखालून जे उगवतं ते आधी काय होतं, हे सांगणारा पुरावाच उरत नाही.

ती परत का येते? डोळ्यांना दिसते ती गाठ म्हणजे तिचा मधला भाग. तिथून पेशींचे बारीक धागे चरबीत आणि स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत शिरलेले असतात, तेही सगळीकडे सारखे नाहीत. एका बाजूला थोडेसे, दुसऱ्या बाजूला बरेच लांब. शेतातली हरळी वरून खुरपली तर रान दोन दिवस स्वच्छ दिसतं, तसंच इथे होतं. हाताला लागेल तेवढंच काढणारा सर्जन कितीही कुशल असो, धागे मागे राहतातच.

म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी बायोप्सी, तीही नीट खोल. नुसत्या सुईच्या तपासणीवर या गाठीचं निदान सहसा होत नाही. पेशींवर सीडी-३४ नावाची खूण सापडली की पॅथॉलॉजिस्टचा संशय बळावतो. गाठीला सुरी लावली की कॅन्सर पसरतो, ही आपल्याकडची भीती मला घरोघरी ऐकू येते. बायोप्सीने हा आजार पसरत नाही. अपुऱ्या शस्त्रक्रियेने मात्र तो मागे राहतो.

मग मुख्य शस्त्रक्रिया. गाठीभोवतीची दोन ते चार सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालचा पडदा यांसकट काढायचं. किंवा मोझ पद्धत: थर काढायचा, त्याच्या सगळ्या कडा आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, पेशी दिसल्या तर फक्त त्या बाजूने पुढे जायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात ही कल्पना मांडली. रुंद कापल्यावर शंभरातल्या दहाहून कमी जणांत गाठ परत येते. मोझ पद्धतीत त्याहूनही कमी. चेहऱ्यावर किंवा मानेवर, जिथे चार सेंटिमीटर सोडायला जागाच नसते, तिथे या पद्धतीला तोड नाही.

यानंतरचे दिवस रुग्णाला सर्वांत जड जातात. कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत शेजारची त्वचा सरकवून जखम बंद करू नये. सरकवली आणि कडेला पेशी राहिलेल्या निघाल्या, तर त्या कुठे गेल्या हे शोधणं अवघड होतं. त्यामुळे काही दिवस मोठी जखम ड्रेसिंगखाली उघडीच ठेवावी लागते. घरचे विचारतात, डॉक्टरांनी अर्धंच काम का सोडलं? आदल्या दिवशी पाच मिनिटं बसून हे समजावून सांगितलं असेल, तर तेच घर त्या दिवसांत रुग्णाचा आधार बनतं. हे सांगणं मी उपचाराचाच भाग मानतो.

औषधाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या गाठीच्या पेशींत सतराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. एकावर कोलॅजेन तयार करणारं जनुक, दुसऱ्यावर पेशींना वाढीचा आदेश देणारं. त्वचेतल्या या पेशी कोलॅजेन सतत बनवत असतात; जोडणी झाली की वाढीचा आदेशही सतत सुटतो. तो आदेश जिथे पोहोचतो तीच जागा इमॅटिनिब अडवतं. रक्ताच्या कॅन्सरसाठी आलेल्या या गोळीला अमेरिकेत २००६ साली शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या, परतलेल्या किंवा पसरलेल्या डीएफएसपीसाठी मान्यता मिळाली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, आणि सुरीची जागाही घेत नाही. पण काहींची गाठ इतकी आकसते की अशक्य वाटणारी शस्त्रक्रिया शक्य होते. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या औषध कंपनीला या औषधाच्या पेटंटला नकार दिला, म्हणून महिन्याला लाखाच्या घरात जाणारी गोळी इथे त्याच्या लहानशा हिश्शात मिळत राहिली. त्या निकालाचे ऋण आपल्या रुग्णांवर आहे.

आता राहिली पुढची वर्षं. परतणारी गाठ बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत परतते, पण फार उशिरानेही ती आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने, डॉक्टरांनी वणावरून बोटं फिरवून पाहायलाच हवीत. डोळ्यांना न दिसणारा घट्टपणा बोटाला कळतो. पहिली दोन वर्षं सगळे येतात. मग बदली होते, बाळंतपण येतं, आणि फाईल कपाटात जाते. त्या फाईलमध्ये रिपोर्टसोबत पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून ठेवा, प्रयोगशाळा ते कायम सांभाळत नाहीत. वण कुठे जाड लागला, तर त्याच आठवड्यात ती फाईल घेऊन जा, आणि नवा डॉक्टर असेल तर त्याच्या टेबलावर पहिल्यांदा तीच ठेवा.