ऑपरेशनच्या आधी विचारायचा प्रश्न
(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पेडणे-डिचोलीच्या बायकांचे एक वाक्य आम्हा डॉक्टरांना पाठ झाले आहे : "चवथ होऊन जाऊ दे, मग बघू." पोट फुगते, दोन घासांत भरते, आणि आपण गॅसला दोष देत नेवऱ्या तळत बसतो. दोन-तीन आठवडे असे चालले, तर माटोळी उतरायची वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्या.

अंडाशयाचा कर्करोग उतारवयातच होतो असे नाही. बीजपेशींपासून होणारा प्रकार नेमका तरुण मुलींत दिसतो. निदान झाले की आई म्हणते, "काय ते काढा, पण जीव वाचवा." पुढे मूल होईल का, हे कोणीच विचारत नाही; लग्न व्हायचे असेल तर मुळीच नाही. मुलगी मात्र रात्रभर त्याच विचारात असते.

तो प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचा. रोग एकाच अंडाशयात असला, तर अनेकदा तेवढेच अंडाशय व नलिका काढून दुसरे अंडाशय आणि गर्भाशय राखता येते. बीजपेशींचा रोग केमोथेरपीला चांगला दाद देतो, आणि नंतर बहुतेकींची पाळी परत येते. काहींना केमोपूर्वी बीजे गोठवून ठेवता येतात. त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, पाळीची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही ही वाट मोकळी आहे. मात्र रोगट अंडाशयात सुई घालणे धोक्याचे, म्हणून हे सर्वांना जमत नाही. रोग फार पसरला असेल तर गर्भाशयही जाते. तिथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही.

उपचारानंतर लगेच घाई नको. रोग उलटण्याची भीती सुरुवातीला अधिक, म्हणून पुष्कळ डॉक्टर दोनेक वर्षे थांबायला सांगतात. सासूबाईंनी तेवढा धीर धरावा!

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली, तेव्हा ते सारे मोठ्या शहराचे वाटे. २०२३ पासून बांबोळीच्या गोमेकॉतही ती सोय मोफत मिळू लागली.

कार्यक्रमानंतर आम्ही शेजारच्या खोलीत बसणार आहोत. रिपोर्ट असतील तर घेऊन या. एकटीला बोलायचे असेल, तर दार लोटून घेऊ.