वस्तुसंग्रहालय आणि आपली भांडी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमची विद्या म्हणजे मॅट्रिक आणि तिच्यावर शिक्षकाची पदविका, एवढीच. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी धरू नये. परंतु गतवर्षीच्या सभेत ठराव झाला की, संस्थेच्या वास्तूतील वरच्या मजल्यावर आपल्या तांबट ज्ञातीची जुनी हत्यारे व भांडी यांचे एक दालन उभारावे. त्या ठरावास आम्हीही हात वर केला होता. मात्र घरी गेल्यावर मनात विचार सुरू झाला की, असे दालन नेमके कोणासाठी असते आणि त्यात बोलायचे कोणी? आज त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

सन 1998 मध्ये आम्ही सातवीचा वर्ग घेऊन पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्यास गेलो होतो. मुले ती मुलेच. त्यांना शस्त्रे पाहावयाची होती, आणि आम्हांस डबा खाण्यापूर्वी सर्व दालने उरकावयाची होती. धातूच्या भांड्यांपाशी आलो तेव्हा आम्ही नेहमीच्या मास्तरी आवाजात म्हणालो, "हे तांब्याचे पातेले. पूर्वी यात स्वयंपाक करीत." तोच मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "नाही गुरुजी, याला आतून कल्हई नाही. कल्हई नसेल तर यात आमटी करीत नाहीत, कळकते. हे पाण्याचे असेल."

ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिचे वडील सायकलवरून भाता घेऊन गल्लोगल्ली कल्हई करीत हिंडत. आम्ही तिला पुढे बोलाविले. मग तिने नवसागर कसा टाकतात, धूर कसा उठतो, कथील कापसाने कसे फिरवितात आणि काळे पडलेले भांडे क्षणात चांदीसारखे कसे होते, ते सारे हातवारे करून सांगितले. धुराने वडिलांना रात्री खोकला येतो, हेही सांगितले. चाळीस मुले गप्प उभी होती. दालनातील शिपाई खुर्ची सोडून जवळ आला आणि आपल्या आजीच्या घरी अशा भांड्याला काय म्हणत ते सांगू लागला. एका शेतकऱ्याच्या मुलाने त्यात भर घातली. वर्गात आम्ही वर्षभर जे साधू शकलो नव्हतो ते त्या पाऊण तासात साधले. कोणी शिकवीत नव्हते आणि सगळे शिकत होते.

आता यातील लाजेचा भाग सांगतो. त्या सर्वांत तांबटाच्या घरात जन्मलेले एकटे आम्हीच होतो. ठोक्यांच्या आवाजात आम्ही लहानाचे मोठे झालो. मठारताना पडणारे ते बारीक चकाकते ठसे केवळ शोभेचे नसतात, ठोक्याठोक्याने नरम तांबे कडक होते आणि भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे आम्हांस मुलांना सांगता आले असते. आम्ही बोललो नाही. शाळेत आम्ही 'गुरुजी' होतो. आमचे वडील ऐरणीपाशी बसत आणि त्यांची बोटे कधीच स्वच्छ निघत नसत, हे आम्ही शाळेत कोणास सांगितले नव्हते. कल्हईवाल्याच्या मुलीस जे धैर्य झाले ते आम्हांस झाले नाही.

ज्या संग्रहालयात हे घडले त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत, आणि घरचा धंदा चष्म्यांच्या दुकानाचा. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचेच नाव त्यांनी संग्रहालयास दिले. पत्नी कमलाबाई यांच्या साथीने त्यांनी गावोगाव फिरून, जुन्या बाजारांतून, घराघरांतून वस्तू जमविल्या. दिवे, अडकित्ते, कुलपे, वज्री, दौती, वाद्ये, स्वयंपाकाची उपकरणे अशा वीस हजारांवर वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि पुढे हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. 1990 साली ते निवर्तले. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ असतात. पाय घासण्याची वज्री जपावी असे या गृहस्थास वाटले, यातच त्यांचे वेगळेपण आहे. ती वज्री ओतणारा एक, वापरणारा दुसरा, मोडीत काढणारा तिसरा. बहुतेक वस्तूंवर करणाऱ्याचे नाव नाही. 'अज्ञातवासी' हे नाव कवीपेक्षा त्या कारागिरांनाच अधिक शोभते, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

आता मुंबईकडे वळू. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. 1872 साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झाले. 1975 पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्याच्या उभारणीमागे जगन्नाथ शंकरशेट होते, पारशी जमशेटजी जीजीभाई होते, यहुदी डेव्हिड ससून होते आणि गोमंतकात जन्मलेले भाऊ दाजीही होते. निरनिराळ्या धर्मांच्या व पंथांच्या माणसांनी एका वास्तूसाठी वर्गणी द्यावी, हे त्या शहराचे भूषणच म्हणावे. पुढे ती वास्तू जीर्ण झाली. 2003 नंतर तिचा जीर्णोद्धार होऊन 2008 साली ती पुन्हा उघडली. आम्ही निवृत्तीनंतर तेथे सावकाश गेलो. निरनिराळ्या जातिजमातींचे पोशाख आणि धंदे दाखविणाऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ती तेथे आहेत. काम इतके सुबक की डोळे फिरत नाहीत. त्यांत आपल्या धंद्याचा कोणी दिसतो का, म्हणून आम्ही कपाटामागून कपाट शोधू लागलो आणि मध्येच थांबलो. मनात आले की, ज्याची ही मूर्ती केली त्यास कोणी विचारले असेल काय, 'बाबा, तुझे नाव काय? तू पागोटे असेच का बांधतोस?' काचेच्या अलीकडे उभे राहून पाहणारा एक वर्ग आणि काचेच्या पलीकडे नमुना म्हणून बसलेला दुसरा, अशी ती एकोणिसाव्या शतकातील मांडणी होती. वर्गणीदारांत अठरापगड मंडळी होती. परंतु माहिती सांगणारांत ती होती, असे काही दिसत नाही.

हे केवळ आमच्यासारख्या म्हाताऱ्याचे कुरकुरणे नव्हे. जगभरच्या संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय परिषद आहे, तिने 2022 साली प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या मान्य केली. लोकसमूहांच्या सहभागाने काम करणे ही गोष्ट तीत स्पष्ट शब्दांत घातली आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून एक मोठी बसच फिरते संग्रहालय करून गावांकडे व शाळांकडे धाडली, तीही याच विचाराची खूण आहे. ज्यांना येणे जमत नाही त्यांच्याकडे आपण जावे.

आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील औंध! बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली तेथे श्रीभवानी संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार. संग्रह त्यांनी राजवाड्यात कोंडून ठेविला नाही. डोंगरावरील यमाईच्या दर्शनास जाणाऱ्यांच्या वाटेवरच त्यांनी ही वास्तू बांधिली. नारळ-फुले हाती घेतलेली शेतकरीण राजा रविवर्म्याच्या चित्रापुढे उभी राहते आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी माय-लेकरांपुढेही. एका बाईने त्या शिल्पाकडे पाहून आपल्या सुनेस म्हटले, "पोर कसं बिलगलंय बघ." आम्ही शेजारीच होतो. याहून अधिक रसग्रहण आम्हांस तरी करता आले नसते.

असो. आता आपल्या दालनाकडे येतो. ठरावाच्या मसुद्यात शब्द आहेत, 'आपल्या ज्ञातीचे वैभव आपल्यापाशी जतन व्हावे.' हेतू स्तुत्यच आहे. पण बंधूंनो, एखादा हंडा घ्या. पत्रा व्यापाऱ्याकडून आला, हातोडा लोहाराने घडविला, दांडा सुताराने बसविला, ठोकला आपल्या वाडवडिलांनी. स्वयंपाकाची भांडी असतील तर कल्हई लावली ती बहुधा एखाद्या मुसलमान कारागिराने. आणि ती वापरली ब्राह्मणाने, मराठ्याने, माळ्याने, शिंप्याने. लग्नाच्या रुखवतात ती मांडली गेली, अडीअडचणीला गहाण पडली, सोडविली गेली. त्या भांड्याखाली आपण फक्त आपल्या ज्ञातीचे नाव लिहिले तर ते खोटे ठरणार नाही, पण अर्धेच खरे ठरेल. दालनास आपण कुलूप लावून किल्ली आपल्याच हाती ठेवली, तर भायखळ्याच्या त्या कपाटात आपणच आपणांस नेऊन बसविल्यासारखे होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तूपाशी एक वही ठेवावी. ज्यास जे ठाऊक असेल ते त्याने लिहावे, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याचे ऐकून आपल्या मुलींनी लिहावे. आपल्या वृद्ध कारागिरांनी रविवारी सकाळी दोन तास प्रत्यक्ष ठोकून दाखवावे, आणि पाहणाराच्या हातीही हातोडा द्यावा. शेजारच्या आळ्यांना, पेठेतील शाळांना, कल्हईवाल्यांच्या घरांना निमंत्रण जावे, आणि तेही आभाराच्या पत्रासाठी नव्हे, माहितीसाठी. एकसारख्या दोन वस्तू आल्या तर एक सार्वजनिक संग्रहालयास द्यावी. काही मंडळी म्हणतील की, परके लोक आपल्या वस्तू हाताळतील, चोरतीलही. आम्ही एवढेच विचारतो की, आजवर आपल्या वस्तू अधिक कोणी घालविल्या, परक्यांनी की आपण?

उत्तर आम्हीच देतो. 1986 साली वडील गेल्यावर आमच्या बंधूंनी कारखाना बंद केला. ऐरणी, लोखंडी खुंटे, निरनिराळ्या तोंडांचे हातोडे, सारे भंगारात वजनावर गेले. बंधूंस आम्ही कधी दोष दिला नाही. त्यांच्या घरी खाणारी तोंडे होती आणि बाजारात स्टेनलेस स्टील आले होते. पण आमचे काय? 2004 साली आम्ही सदनिकेत राहावयास गेलो, तेव्हा वडिलांनी स्वतः घडविलेला बंब जागा अडवितो म्हणून मोडीत घातला. नोकरदार माणूस, पैशांची अडचण नव्हती. दुकानदाराने तो उलटा करून तराजूत टाकला आणि त्याच्या बुडाशी वडिलांच्या मठाराची ओळख पटणारी ती गोल रांग आम्हांस दिसली. तरीही आम्ही पैसे मोजून घेतले. आमच्या सौभाग्यवती आठ दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचेच बरोबर होते.

मागील महिन्यात आम्ही त्या कल्हईवाल्याच्या मुलीकडे गेलो. ती आता दोन मुलांची आई आहे. वडील हयात नाहीत. परंतु भाता तिने माळ्यावर जपून ठेविला आहे. आमच्या दालनासाठी मागितला तर ती म्हणाली, "देईन, पण तो कसा चालवायचा ते मीच सांगणार." आम्ही मंडळाच्या वतीने होकार देऊन आलो आहोत. अध्यक्षमहाराजांनी याबद्दल क्षमा करावी.

वडिलांच्या हत्यारांपैकी एक हातोडा मात्र बंधूंच्या घरी दाराला टेकण म्हणून लावलेला असल्यामुळे वाचला. तो आम्ही आज या पिशवीत आणला आहे. दांड्यावर अंगठ्याची जागा झिजून खोलगट झाली आहे. तेथे आपला अंगठा ठेवून पाहावा. आता तो सभागृहात फिरवू या. मागच्या रांगेतील मुलांना आधी द्या, आणि पायावर पडू देऊ नका, वजन चांगलेच आहे.