दोरीला बांधलेलें विमान



मुलुंडच्या ज्या मैदानावर मी रविवारीं सकाळीं जातों, तेथें फिरावयास येणाऱ्या मंडळींत माझ्याविषयीं दोन मतें आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हा गृहस्थ जरा भ्रमिष्ट असावा; सत्तरी उलटलेला माणूस मैदानाच्या मधोमध उभा राहून स्वतःभोंवतीं गरगर फिरतो, याचा दुसरा अर्थ काय करावयाचा? दुसरा पक्ष अधिक उदार आहे. त्यांतील एका बाईंनीं एकदां मला थांबवून विचारलें, "काका, हें विमान दोरीला कां बांधून ठेवलें आहे? पळून जाईल म्हणून का?" या प्रश्नाचें उत्तर मैदानावर उभ्या उभ्या देतां येईना. तें आज येथें देण्याचा प्रयत्न करतों.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला विमान ही कांहीं अपूर्वाईची वस्तु नव्हे. घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर पापड उलटतांना मान वर केली, तर धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाचीं चाकें मोजतां येतात. जुहूचें मैदान तर सन १९२८ पासून विमानांचें आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादवरून, एका चिमुकल्या पस मॉथ विमानांतून तेथेंच येऊन उतरले. पावसाळ्यांत त्या मैदानावर पाणी सांचे, म्हणून टाटांच्या विमानसेवेला तेव्हां दर वर्षीं आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. मुंबईकरास यांत नवल वाटूं नये! आणि अगदीं अलीकडे, कांदिवलीच्या चारकोप भागांत, कॅप्टन अमोल यादव यांनीं राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें खरेंखुरें विमान बांधलें. तें २०१६ सालीं वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. तेव्हां उपनगरांतील घरांत विमान बांधणें ही कल्पना सर्वस्वीं वेडगळ नाहीं, एवढें तरी मान्य व्हावें. माझ्या विमानाचे पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन हातच भरतात.

आतां तें दोरीला कां बांधलें आहे? तेलाचा घाणा आपण पाहिला असेल. मधें खुंट, आणि त्याभोंवतीं फिरणारा बैल. येथें वैमानिक हा खुंट आणि विमान हा बैल. फरक इतकाच कीं बैलाला पंख आहेत, आणि खुंटालाहि बैलाबरोबर फिरावें लागतें. दोरी म्हणजे वस्तुतः दोन बारीक पोलादी तारा. वैमानिकाच्या हातांत एक मूठ असते. तिच्या वरच्या टोकास एक तार व खालच्या टोकास दुसरी. दोन्ही तारा विमानाच्या डाव्या पंखाकडून आंत शिरून, पोटांतील एका लहानशा त्रिकोणी पत्र्याच्या दोन कोपऱ्यांस अडकविलेल्या असतात. हा पत्रा एका खिळ्यावर हलतो. त्याच्या तिसऱ्या कोपऱ्यापासून एक ताठ काडी निघून शेपटीच्या आडव्या पट्टीला जाऊन भिडते. मनगट वर केलें कीं एक तार ओढली जाते, पत्रा जागच्या जागीं वळतो, शेपटीची पट्टी उचलते, आणि विमान नाक वर करून चढूं लागतें. मनगट खालीं, तर विमान खालीं. उजवें-डावें हा विचार त्याला करावाच लागत नाहीं. तो तारांनीं अगोदरच करून टाकलेला असतो.

ही युक्ति अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत निघाली. तेथें ओबा सेंट क्लेअर नांवाच्या गृहस्थानें १९३७ च्या सुमारास असें विमान उडविलें, आणि १९४० मध्यें जिम वॉकर यानें 'फायरबॉल' नांवाचें विमान विक्रीस आणून तिचा सर्वत्र प्रसार केला. हा वॉकर मोठा हिकमती. दोन हातांत दोन आणि डोक्यावरच्या टोपीला तिसरें, अशीं तीन विमानें तो एकाच वेळीं फिरवून दाखवीत असे. एकस्वाचा तंटा मात्र १९५५ सालीं न्यायालयांत गेला आणि तेथें तो हरला. कारण सेंट क्लेअर त्याच्या पूर्वींचा ठरला. असो.

मी ही विद्या शिकलों ती महाविद्यालयांत असतांना, राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेंत, १९७२-७३ च्या सुमारास. तेव्हांचें इंजिन डिझेल जातीचें, लिंबाएवढें. ईथर, रॉकेल आणि एरंडेल हीं समभाग मिसळून त्याचें इंधन करीत. ईथराचा वास शस्त्रक्रियागृहाचा आणि एरंडेलाचा आजीच्या फडताळाचा. दोन्ही मिळून जो दर्प होई, तो आम्हांस अत्तरासारखा वाटे. पंखा बोटानें फटकारून तें चालू करावयाचें. तें उलटें फिरलें तर बोट फुटे. पहिल्या महिन्यांत विमान उडालें नाहीं, परंतु बोटें मात्र पुष्कळ फुटलीं.

त्या दिवसांतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या विमानाचें वजन अर्धा किलो, तारा पंधरा मीटर, आणि वेग सेकंदाला पंचवीस मीटर, म्हणजे ताशीं नव्वद किलोमीटर. हिशेब केला तर एक फेरी पावणेचार सेकंदांत पुरी होते, आणि वैमानिकाच्या हातावर दोन किलोंहून किंचित् अधिक ओढ येते. म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट! म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वीं एकानें विमान धरावयाचें आणि दुसऱ्यानें मूठ धरून विमानाच्या वजनाच्या दसपट ओढ देऊन पाहावयाची, असा शिरस्ता आहे. एका सकाळीं घाई होती. मीं ओढ दिली नाहीं. सहाव्या कीं सातव्या फेरीला एक तार मुठीपाशीं तुटली. विमानानें एकदम नाक वर काढलें, आमच्या डोक्यांवरून उलटें फिरलें, आणि पाहावयास उभ्या असलेल्या एका मुलापासून हातभर अंतरावर जमिनींत घुसलें. मुलाला कांहीं झालें नाहीं. तो हंसला. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं, आणि आज पन्नास वर्षांनींहि ओढ देतांना माझें लक्ष विमानाकडे नसून वर्तुळाच्या कडेला कोण उभें आहे, इकडे असतें.

दुसरी सावधगिरी विजेच्या तारांची. आपल्या हातांतील तार पोलादाची आहे, हें क्षणभरहि विसरतां कामा नये. लोकलगाड्यांच्या वरची तार पंचवीस हजार व्होल्टची असते. रेल्वेच्या कडेचें मैदान कितीहि मोकळें व सोयीचें दिसलें, तरी तिकडे फिरकूं नये. तसेंच मुंबईचे पोलीस ड्रोन व दूरनियंत्रित विमानें यांस बंदी करणारे हुकूम वेळोवेळीं काढीत असतात. आपलें विमान बांधलेलें आहे हें खरें, पण जवळच्या ठाण्यांत अगोदर विचारून येण्यास अर्धा तास लागतो, आणि अंमलदार बहुधा पहिल्यांदां हंसतात व मग आपल्या मुलाविषयीं चौकशी करतात.

ओढ ही या खेळांतील मुख्य गोष्ट. तारा ताठ आहेत तोंवर विमान तुमचें; त्या सैल पडल्या कीं मूठ हातांत असूनहि ती कोणाचीच नाहीं. म्हणून विमान बाहेरच्या बाजूस रेटा देत राहील अशी व्यवस्था बांधतांनाच करतात. उजव्या पंखाच्या टोकांत शिशाचा लहानसा तुकडा, शेपटीचें उभें पान किंचित् बाहेर वळलेलें. वारा विमानाला तुमच्याकडे लोटूं लागला तर झटकन् दोन पावलें मागें सरावें. हिवाळ्यांत सकाळीं मतलई वारे मंद असतात, दुपारीं खारे वारे जोर धरतात. म्हणून आमची वेळ साडेसहा ते आठ. विमान सोडतांना वारा आपल्या पाठीकडून विमानाकडे जात असावा. ज्यानें लहानपणीं पतंगाला नीट कणी बांधली आहे (पुण्याकडे कोणी तिला सुत्तर म्हणतात), त्याला यांतलें निम्मेंअधिक शिकवावें लागत नाहीं.

सामानाचें म्हणाल, तर उत्तम लांकूड बाल्साचें. तें दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोरहून येतें व पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकेंच जड असतें. तें महाग पडतें. मौज अशी कीं, वसंतांत लाल फुलांनीं डंवरणारी आपली काटेसावर ही या बाल्साचीच आप्त आहे. तिचें लांकूड जड खरें, पण इंजिन बसवावयाच्या ठिकाणीं चालतें. बुरुडाकडच्या कळकाच्या कामट्या पंखांच्या कडेस, पतंगाचा कागद वर, आणि बाशिंगें करतात तें भेंड पोकळ्या भरावयास. इंजिनाऐवजीं मी आतां विजेची लहान मोटार लावतों. ती दोन मिनिटांनीं आपोआप बंद होते आणि विमान घरंगळत खालीं येतें. एरंडेलाचा वास गेला याचें मला दुःख आहे. शेजाऱ्यांना नाहीं.

आमच्या इमारतींत इयत्ता नववींतील एक मुलगी आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत तिनें माझ्या देखरेखीखालीं एक विमान बांधलें. कागद ओढून बसविण्यांत तिचा हात माझ्याहून चांगला. शेपटीवर तिनें तैलरंगांत मोराचें पीस काढलें. दोन संध्याकाळ त्यासाठीं घालविल्या. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या चौथाईच्या आसपास असावा लागतो. तो मागें सरकला तर विमान चिडक्या घोड्यासारखें वागतें. त्या रंगाच्या थरांनीं शेपूट जड झाली असणार, हें मला कळावयास हवें होतें. खरें सांगावयाचें तर कळलें होतें. बोटांवर तोलून पाहावयाचें मीं टाळलें; कारण तोललें असतें तर तें पीस खरवडावयास सांगावें लागलें असतें. पहिल्याच फेरींत विमान उसळलें, तिनें घाबरून मनगट वाकविलें, आणि डावा पंख मुळापासून मोडला.

ती कांहीं बोलली नाहीं. तुकडे पिशवींत भरून घेऊन गेली. तिच्या आईनें संध्याकाळीं मला जिन्यांत गांठून सांगितलें, "काका, पुढच्या वर्षीं दहावी आहे हो तिची." त्याला मी काय उत्तर देणार? मीं मान हालविली.

पंधरा दिवसांनीं मुलगी विमान घेऊन दारांत उभी. पंख सांधलेला. पीस जसेंच्या तसें. मीं विमान दोन बोटांवर धरलें. तें सपाट राहिलें. "बॅटरी चार बोटें पुढें सरकवली, आजोबा," ती म्हणाली. मला पन्नास वर्षांच्या अनुभवानें खरवडण्याचाच उपाय सुचला होता! त्या रविवारीं हात खांद्यापासून ताठ ठेवून, मनगट न वाकवितां, तिनें अकरा फेऱ्या केल्या. चक्कर येऊं नये म्हणून नजर विमानावरच ठेवावयाची, मागच्या इमारतींवर न्यावयाची नाहीं, हें तिला पहिल्याच दिवशीं जमलें. तिचा एक वर्गबंधु मध्यंतरीं ड्रोन घेऊन आला होता. तो सुंदर उडतो. हात सोडले तरी जागच्या जागीं थांबतो. त्यानें कुतूहलानें आमची मूठ दोन फेऱ्या धरली आणि तो एकदम ओरडला, "अरे, हें ओढतंय!" त्यानंतर त्यानें ड्रोन पिशवींत ठेवला व रांगेंत उभा राहिला.

अडचण आहे ती जागेची. मी मुलुंडला आलों तेव्हां अठरा मीटरच्या तारा लावीत असें. पुढें त्या मैदानाच्या जागीं इमारती झाल्या. दुसऱ्या मैदानावर पंधरा मीटर बसत. आतांचें हें तिसरें. त्याच्याहि एका बाजूस गेल्या पावसाळ्यापासून पत्रे उभे राहिले आहेत, आणि आम्ही बारावर आलों. सावकाश उडणारें हलकें विमान असलें तर बारा मीटर पुरतात. क्रिकेटची खेळपट्टीसुद्धां वीस मीटरांची असते, तेव्हां आमची मागणी फार नाहीं. पण वेग तोच ठेवून तारा आखूड केल्या, तर फेरी लवकर संपते. अठरा मीटरला जी फेरी साडेचार सेकंदांची होती, ती बारा मीटरला तीन सेकंदांची होते. मैदान आकसत गेलें आणि माझें वय वाढत गेलें. या दोहोंचा परिणाम माझ्या मस्तकांत एकदमच जाणवूं लागला. मागच्या महिन्यांत विमान उतरल्यावर मी गवतांत बसलों तो पांच मिनिटें उठूं शकलों नाहीं. मुलीनें माझ्या हातून मूठ काढून घेतली. "आजोबा, आतां तुम्ही मधें उभें राहायचं नाहीं. तुम्ही ओढ द्या आणि फेऱ्या मोजा."

तेव्हां आतां मी वर्तुळाच्या बाहेर, पत्र्यांच्या कडेला, घड्याळ घेऊन उभा असतों. सकाळच्या फिरावयास येणाऱ्या बाई माझ्या शेजारीं थांबतात. गेल्या रविवारीं मुलीनें दोन मिनिटांत तीस फेऱ्या पुऱ्या केल्या, मोटार थांबली, आणि विमान पीस चमकवीत गवतावर घरंगळत आलें. क्रिकेटची मंडळी यष्ट्या घेऊन उभीच होती. आम्ही तारा गुंडाळल्या. चाकाची काडी किंचित् वाकली आहे; ती सरळ करण्यासाठीं विमान सध्यां माझ्या कपाटावर ठेवलें आहे, आणि रविवारपूर्वीं तें काम व्हावयास हवें.