पिकअपचे टायर बदलताना

बचत गटाच्या या कार्यक्रमात आजवर आपण कर्जाचे हप्ते, शेळीपालन, शिलाई मशीन, मसाल्याचं पॅकिंग असं बरंच काही बोललो. आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आज आपण टायरबद्दल बोलणार आहोत, पिकअप गाडीच्या टायरबद्दल.

आपल्या जुन्नर, आंबेगाव भागात आता कितीतरी गटांकडे स्वतःची पिकअप किंवा छोटा टेम्पो आहे. कुणी टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेतं, कुणी भाजी माळशेज उतरून कल्याणला पाठवतं. गाडी घेताना आपण सगळ्या मिळून ठरवतो, सह्या करतो, पूजा करतो. पण तीच गाडी टायरला आली की विषय चालकदादांकडे, नाहीतर कुणाच्या तरी मालकांकडे जातो. "टायरमधलं बाईमाणसाला काय कळतं" असं दुसरं कुणी म्हणत नाही, आपणच म्हणतो. पैसे मात्र गटाच्या खात्यातून जातात. आणि टायर फुटला तर गाडीत आपलीच माणसं असतात. म्हणून हा निर्णय बैठकीत व्हायला हवा.

आमच्या गटाने मागे पावसाळ्याच्या तोंडावर चारही टायर बदलले. त्या वेळी आम्ही पंधरा जणींनी जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, टायर बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? टायरच्या खाचेत हात घालून बघा. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. त्याखाली टायर वापरणं नियमात बसत नाही. पण तिथवर वाट बघू नये. खाचेचं काम पावसाचं पाणी बाजूला सारणं हे आहे. खाच उरली नाही की ओल्या रस्त्यावर चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी पुढे सरकत राहते. माळशेजच्या धुक्यात आणि उतारावर हे घडून चालणार नाही.

खाच चांगली दिसली तरी टायरच्या बाजूची भिंत बघा. तिथे बारीक भेगा असतील, फुगा आला असेल, आतले धागे दिसत असतील, तर तो टायर गेला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. जुना टायर काढून टाकण्याआधी तो कसा झिजला ते बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला राहिला, तर गाडी कमी हवेवर पळत होती. मधला भाग झिजला, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. आमच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेले होते. तसंच नवे बसवले असते तर तेही तसेच गेले असते. आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की लोहार आधी चाक बघायचा, मग धाव चढवायचा." अगदी तेच आहे. आधी अलाइनमेंट, मग टायर.

आता तिसरी गोष्ट, टायरवरचे आकडे. टायरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायला शिकायचं. समजा २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आपल्या गाडीचा योग्य आकार गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुतेक गाड्यांच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेला असतो. तोच घ्यायचा. "थोडा मोठा टाका ताई, गाडी उंच दिसते" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. मोठा टायर वळताना आत घासतो आणि गाडीचा किलोमीटरचा काटाही चुकीचं दाखवतो.

आकाराच्या पुढे आणखी एक आकडा असतो, तो वजनाचा. १०० लिहिलं असेल तर तो टायर ८०० किलो वजन पेलतो. १०२ असेल तर ८५० किलो, १०४ असेल तर ९००, १०६ असेल तर ९५० आणि १०८ असेल तर १००० किलो. कधी १०४/१०२ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकांचा. आपल्या चारचाकी पिकअपला पहिला बघायचा. समजा तुमच्या गाडीच्या मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त १८०० किलो वजन चालतं. मग मागच्या प्रत्येक टायरवर ९०० किलो आले. म्हणजे १०४ पेक्षा कमी आकड्याचा टायर चालणारच नाही. दिसायला सारखेच आणि आकारानेही सारखेच दोन टायर असतात, पण एक प्रवासी गाडीचा असतो आणि एक मालवाहू गाडीचा. स्वस्त पडतो म्हणून प्रवासी गाडीचा टायर पिकअपला लावला तर तो वजनाने तापतो आणि फुटतो. मालवाहूच्या टायरवर बहुतेक वेळा इंग्रजीत एल टी लिहिलेलं असतं, तेही बघा.

वजनाचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशेब करू. समजा आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं आणि १५०० किलो उरले. बाजारात आपण टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरतो आणि ७५ क्रेट भरतो. पण रिकामं क्रेटसुद्धा दीड-दोन किलोचं असतं. म्हणजे एक क्रेट २२ किलो धरा. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक धरलेला नसतो, म्हणून चालक आणि शेजारी बसणारी आपली बाई यांचे सव्वाशे किलोही धरा. मग बसतात फक्त ६२ क्रेट. भाव चढला की ९० क्रेट भरायचा मोह होतो. ९० क्रेट म्हणजे सहाशे किलो जास्त. त्या एका खेपेत चार पैसे सुटतात, पण टायर आतून तापून तुटायला लागतो आणि तो फुटतो नंतर कधीतरी, भलत्याच ठिकाणी. जास्त वजनात अपघात झाला तर विम्याची अडचण होते ती वेगळीच. आणि क्रेटवर बायका बसवून बाजारला नेणं तर साफ बंद करा. मालाच्या गाडीत मागे माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे आणि टायर फुटला तर पहिल्या त्याच फेकल्या जातात.

चौथी गोष्ट, टायरचा जन्म. टायरवर इंग्रजी डी ओ टी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट महिना. रबर गोदामात पडून पडूनही म्हातारं होतं. आमच्या चालकदादांबरोबर आम्ही चौघी दुकानात गेलो होतो. दुकानदार फक्त दादांशीच बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "गाडीचे मालक कोण?" आम्ही म्हणालो, "आम्ही पंधरा जणी." मग चार टायर खाली आले. त्यातल्या दोघांवरचे आकडे तीन वर्षांपूर्वीचे निघाले. आम्ही ते परत ठेवायला सांगितले. भांडण झालं नाही, आतून नवे आले. आकडा वाचता येणं पुरेसं होतं. टायरवर आयएसआयचा शिक्काही बघून घ्या, तो आपल्याकडे सक्तीचा आहे.

पाचवी गोष्ट, कोणता टायर घ्यायचा. आमच्या बैठकीत तीन मतं होती. काही जणी म्हणाल्या, रिमोल्ड करू, कमी पैशात होईल. काही म्हणाल्या, नायलॉनचे घेऊ, ते रेडियलपेक्षा स्वस्त असतात. काही म्हणाल्या, चांगले नवे रेडियलच घ्या. आम्ही तिन्हींचा विचार केला.

रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरच्या अंगावर नवं रबर चढवणं. अंग धडधाकट असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झालं असेल तर मोठे ट्रकवाले ते मागच्या चाकांना वापरतात. पण पुढच्या चाकांना रिमोल्ड लावू नये, कारण पुढचा टायर गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही. आमच्या मागच्या टायरच्या भिंतीलाच भेगा होत्या, म्हणून तो मार्ग तिथेच संपला.

नायलॉनचा टायर दगडाधोंड्याच्या रस्त्यावर, कमी वेगात चांगला चालतो. गाडी दिवसभर खाणीत किंवा शेतात फिरणार असेल तर त्याचा विचार करा. डांबरी रस्त्यावर लांब पळायचं असेल तर रेडियल कमी तापतो, जास्त टिकतो आणि डिझेलही थोडं वाचवतो. एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असं मात्र कधीही करू नका. एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे, एकाच आकाराचे आणि सारखे झिजलेले हवेत.

आता पैशांचं बघू. किंमत बघताना प्रत्येक किलोमीटरला किती पडतं ते काढा. समजा एक टायर ६००० रुपयांचा आहे आणि ४० हजार किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला १५ पैसे. दुसरा ७५०० रुपयांचा आहे आणि ६० हजार चालतो. म्हणजे साडेबारा पैसे. महाग दिसणारा टायरच स्वस्त पडला. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर आमच्या बैठकीत वाद राहिला नाही. ज्या जणी "घरी विचारून सांगते" म्हणत होत्या, त्यांनीही तिथेच हात वर केला.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या आणि बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या. टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर कंपनीकडे दाद मागायला ते लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो किती लावलाय ते बघा. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूबही नवी घ्या, ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनच गाडी हलवा. आणि स्टेपनी विसरू नका, ती पंक्चर असेल तर असून नसून सारखीच.

नंतरची काळजी म्हणजे हवा. सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना हवा बघायची. पळून आलेल्या गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसतो, म्हणून तेव्हा हवा सोडू नये. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला किती हवा हवी ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आम्ही ते आकडे गाडीतच चिकटवले आहेत. दर सोमवारी एक जण हवा बघते आणि वहीत लिहिते. पाळी ठरलेली आहे.

शेवटची गोष्ट गटाच्या कामाची. टायरचा खर्च अचानक येत नाही, तो रोज थोडा थोडा होत असतो. चार टायरचे ३० हजार आणि ६० हजार किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ५० पैसे. साठ किलोमीटरच्या खेपेला ३० रुपये. आम्ही प्रत्येक खेपेचे ते पैसे वेगळ्या खात्यावर टाकतो. पुढचे टायर घ्यायला कर्ज काढावं लागू नये, एवढाच हेतू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पुढची बैठक अंगणात गाडीजवळ घ्या. चारही टायरवरचे आकडे एकेकीने मोठ्याने वाचा आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. काही अडलं तर आपल्या गटाच्या समन्वयक ताईंना विचारा.