चेंडू हाताला कळला पाहिजे

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



लहानपणी आपण सगळ्या सागरगोटे खेळलो. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर बाकीचे उचलायचे. खेळाआधी सारखे गोटे निवडून घ्यायचो, आठवतं ना? तीन चेंडू उडवून झेलायच्या खेळाला, म्हणजे जगलिंगलाही तेच लागतं. मी मात्र ते विसरले.

गेल्या वर्षी एका शाळेनं आपल्या गटाकडून साठ चेंडू शिवून घेतले. कात्रणं वाटून घेतली, घरोघरी शिवले, मुठीनं बाजरी भरली. आता मूठ प्रत्येकीची वेगळी! एकीचा चेंडू दगडासारखा, दुसरीचा लुळा. महिन्यानं शाळेत गेले तर एक पोरगी कोपऱ्यात बसलेली. म्हणाली, "काकू, मला नाही जमत. माझा हातच ढ आहे." तिचे तिन्ही चेंडू घरी आणून काट्यावर ठेवले. 75, 110 आणि 140 ग्रॅम! पोरीचा हात काय करणार? साठच्या साठ परत आणून उसवले. त्या महिन्यात मजुरी निघाली नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून या खेपेला नीट ऐका. आकार टेनिसच्या चेंडूएवढा, वजन त्याच्या दुप्पट, म्हणजे 110 ते 120 ग्रॅम. टेनिसचा चेंडू साधारण 58 ग्रॅमचा. हलका असल्यानं झेलताना हातातून उसळतो आणि पडला की पार कॉटखाली जातो. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ शोधण्यातच. बाजरीचा चेंडू पडला की थप्पकन तिथंच बसतो. लहान पोरांसाठी थोडा लहान, हलका करा, पण तिन्ही सारखेच हवेत.

कापड सुती, जाडसर घ्या. टेरिकॉट हातातून निसटतं. चार कळ्या, दुहेरी टीप. बाजरी आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर कीड लागते. वाळू नको, शिवणीतून गळते. गच्च भरू नका, अंगठा दाबला तर थोडा आत गेला पाहिजे. तिन्हींचे रंग वेगळे ठेवले तर नजरेला सोपं जातं. आणि हे चेंडू धुवायचे नाहीत, हे शाळेला आठवणीनं सांगा.

शिकताना आधी एकच चेंडू, या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत. मग दोन. तिसरा घाईनं घ्यायचा नाही. मी स्वतः अजून दोनावरच आहे, हसू नका!

त्या पोरीला तीन चेंडू मी तोलून दिले. परवा भेटली, दोन व्यवस्थित झेलते.

वजनकाटा माझ्या ओट्यावर ठेवलाय. तोलल्याशिवाय कुणीही शेवटची टीप मारू नका.