मातोश्री रमाबाईंचे ऋण
(रामदासपेठ, नागपूर येथे स्मृतिदिनानिमित्त केलेले भाषण)



27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात मातोश्री रमाबाई आंबेडकर निवर्तल्या. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या प्रतिमेस पुष्पे वाहतो. ते योग्यच आहे. परंतु पुष्पे वाहून झाल्यावर त्यांच्या जीवनातून आपण आपल्या घरी काय नेतो, याचाच विचार आज करावयाचा आहे.

दापोलीजवळच्या वणंद गावी एका दरिद्री घरात त्यांचा जन्म झाला. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. आईबापांचे छत्र लवकरच हरपले आणि लहान वयातच रमाबाई आंबेडकरांच्या घरी सून म्हणून आल्या. 1913 साली बाबासाहेब अमेरिकेस गेले, ते 1917 साली परतले. 1920 साली पुन्हा विलायतेस गेले, ते 1923 साली आले. या वर्षांत मुंबईच्या चाळीतील संसार या बाईने कसा रेटला असेल? पाच अपत्यांपैकी चार दगावली. एकटा यशवंत राहिला.

स्वतः बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ पत्रात या ऋणाचा उच्चार केला आहे. आपण परदेशी असता जिने संसाराचा भार वाहिला, प्रसंगी शेणाच्या पाट्या डोईवर घेतल्या, तिच्यासाठी दिवसाकाठी अर्धा तासही आपणांस देता येत नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे लिहिली. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथही त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. एवढा मोठा पुरुष आपल्या पत्नीचे ऋण चारचौघांत मान्य करितो, ही गोष्ट पुरुषांनी विशेष ध्यानात ठेवावी.

धारवाडची हकीकत आपल्या समाजात घरोघर सांगतात. वराळे यांच्या वसतिगृहातील अस्पृश्य मुले धान्यावाचून उपाशी आहेत असे कळताच रमाबाईंनी हातांतील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. आपली चार लेकरे गमावलेल्या मातेने परक्यांची लेकरे आपली मानली. त्यांचे दान उरल्यासुरल्यातले नव्हते. पतीचे कार्य ते आपले कार्य, आणि त्या कार्यातील मुले ती आपली मुले, हीच त्यांच्या पतिनिष्ठेची रीत होती.

आता एक कटू गोष्ट बोलतो. “रमाईने सोसले, तूही सोस,” असे आपल्या कित्येक घरांतून स्त्रीला ऐकविले जाते. बोलणारा नवरा रात्री दारू पिऊन आलेला असतो, वा मुलीचे नाव शाळेतून काढावयास निघालेला असतो. बंधूंनो, रमाबाईंनी जे सोसले ते समाजाच्या मुक्तीसाठी सोसले. नवऱ्याच्या व्यसनासाठी नव्हे. त्यांचे नाव घेऊन स्त्रीचे तोंड बंद करणे हा त्यांच्या स्मृतीचा अपमान आहे.

याविषयी बाबासाहेबांचे मत याच नागपुरात प्रकट झाले आहे. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली येथे दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या. बहुपत्नीत्वाला बंदी आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क यांचे ठराव त्यांनी संमत केले. पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची सोबतीण व्हावे, दासी होण्याचे नाकारावे, असा उपदेश बाबासाहेबांनी तेथे केला. रमाबाईंना जवळून पाहिलेल्या पुरुषाचे हे मत आहे. मग त्यांच्या नावावर दासीधर्म सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

रमाबाईंना पंढरपूरला जाण्याची आस होती. परंतु जेथे अस्पृश्याला देवळाबाहेरूनच परतावे लागे, तेथे बाबासाहेबांनी त्यांना नेले नाही; आपण दुसरी पंढरी निर्माण करू, असे सांगितले. त्यांच्या निधनानंतर पाच महिन्यांच्या आत येवल्याची घोषणा झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी येथून जवळच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला. तो दिवस पाहणे रमाबाईंच्या वाट्यास आले नाही. आपल्या वाट्यास त्याचे फळ आले आहे.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी एवढीच विनंती आहे. रमाबाईंच्या नावाने नवे व्रत वा उपवास सुरू करू नका. लग्नकार्यातील खर्चातून थोडे वाचवा आणि वस्तीतील एका गरीब मुलाची फी भरा. मुलीला मुलाइतकेच शिकवा. आणि पुरुषांनो, घरातील स्त्रीच्या कष्टांचा उच्चार तिच्यासमक्ष, चारचौघांत करावयास शिका. मातोश्रींचे ऋण अशानेच थोडेफार फिटेल.

जय भीम!